नीलूच्या बाळंतपणाची परवानगी

२ सप्टें.
फोनवर सगळ्यांची विचारपूस. नीलूचे पाय संध्याकाळी सुजतात, बाळ लाथा मारतं. जावईबापूंची सर्दी गेली. पुण्यात ताईचा गुडघा तसाच. माझी साखर बरी. कुणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवतो.
पहिलं बाळंतपण माहेरी. नीलूची आई गेली म्हणून रीत मोडायची नाही. पुढच्या महिन्यात नीलू इथे आखातात, फुजैराला येईल, बाळंतपणाची रजा लागेपर्यंत लॅपटॉपवर काम करील. खिडकीकडची खोली रिकामी केली.

६ सप्टें.
नीलूच्या ऑफिसने नाही म्हटलं. राहते जर्मनीत, नोकरी शेजारच्या लक्झेंबर्गमध्ये. मला वाटे, शारजात राहून दुबईत नोकरी करतात तसंच. तसं नव्हे. जर्मनीतल्या घरून जास्त दिवस काम केलं तरी टॅक्स दुसऱ्या देशाकडे वळतो. मग तिसऱ्याच देशात बसून काम म्हणजे विमा, टॅक्स, सगळाच गुंता.
"बाबा, मी तुमच्याकडे झोपायला येऊ शकते, कामाला नाही."
हसली.

९ सप्टें.
जावईबापूंनी समजावलं. रजा नि पगार लक्झेंबर्गच्या कायद्याने, चांगली मोठी रजा. पण ती लागेपर्यंत दिवस भरत आलेले, डॉक्टर विमानाला नको म्हणते. इथल्या हॉस्पिटलचा खर्चही तिकडचा विमा देणार नाही.
म्हणाले, "बाबा, माहेरच इकडे आलं तर?"
दिवसभर तेच डोक्यात.

१२ सप्टें.
बंदरातल्या टर्मिनलवर, कामावर, साहेबांकडे जर्मनीला जायला रजा मागितली. "डिलिव्हरी बेटी की, मॅटर्निटी लीव्ह आपको?" स्टोअरमधले सगळे हसले, मीही. मग म्हणाले, "इन्शाल्ला, देखते हैं." इथे त्याचा अर्थ होही, नाहीही.

१८ सप्टें.
शेजारच्या सकीनाभाभी, रत्नागिरीच्या. त्यांच्याकडे डिंकाचे लाडू शिकलो. पहिला घाणा दगड.
"भाऊ, हे बाळंतिणीला देणार की जहाजाच्या नांगराला बांधणार?"
दुसरा जरा बरा. बाळाला न्हाऊ घालायचंही शिकवतायत, उशी पायावर घेऊन. लाज वाटते. पण...

२५ सप्टें.
महिन्याची रजा मिळाली. व्हिसासाठी पासपोर्ट दिला. उत्तर कधी, कुणी सांगत नाही.
नीलूला पाठवलं ते इथे उतरवतो:
बाळ, व्हिसाचं देवाला माहीत. हळीव तिकडे मिळतात का, की इथून आणू? बाथरूममध्ये पाय पसरून बसण्याएवढी जागा आहे का? आईच्या हाताची सर माझ्या हाताला नाही. तरी चालेन ना तुला? संकोच न करता लिही, आणि लवकर लिही.