रवा-मैद्याची पाटी

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी माझं भांडण मिटलेलं नाही. निजामाच्या अमलातली आपली शाळा. बाकी सगळं उर्दूत, मराठीचा तेवढा एक तास, आणि तो तुमचा. तुम्ही पाखराची कविता म्हणायला लागलात की माझं मन खिडकीबाहेरच्या निंबावर जाऊन बसायचं. अक्षर मात्र तुम्हाला बोरूचंच लागायचं, कुठं जाड, कुठं केसासारखं बारीक. ते मला कधी जमलं नाही. पुढं पेंटर झालो आणि स्वतःचं अक्षर काढलं: पट्टीनं रेघ, कंपासनं गोल, सगळीकडं एकच जाडी. ‘व’चं पोट म्हणजे भरगच्च वर्तुळ. मोंढ्याच्या, आपल्या धान्यबाजाराच्या, या टोकाहून त्या टोकाला वाचता यावं, एवढीच हौस.

पहिली पाटी किराणा दुकानाची, ‘रवा मैदा’. जाडीपायी ‘र’ आणि ‘व’ एकमेकांना चिकटले. तुम्ही भर बाजारात थांबता, छडी पाटीकडं रोखता आणि वर्गातल्या खड्या आवाजात वाचता, "खा मैदा! काय शेटजी, गिऱ्हाइकाला दरडावून राह्यले का?" सगळा मोंढा हसतो. वर मला ऐकू जाईल असं म्हणता, "ही अक्षरं न्हाईत, विटा हायेत." शेटजीनं त्याच दुपारी पाटी पुसून घेतली. तेव्हापासून गावात माझं नाव खामैदा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा वाढपी विचारायचे, "खामैदा, पुरी वाढू का?"

मी सोडलं नाही. ‘र’ आणि ‘व’ दूर सारले, ‘ख’चे पाय खाली जोडले. जिनिंगच्या भिंती, कापसाच्या गाठी, वाटूर गावाला जाणाऱ्या मोटारीची पाटी, सगळीकडं माझ्याच विटा. मंग तुम्हाला मोतीबिंदू झाला. एकदा मोटारीपुढं उभं राहून तुम्ही "वाटूर" असं वाचलंत आणि विचारलंत, "कोणाचं अक्षर रे हे? बराबर दिसून राह्यलं."

"खामैद्याचं," मी म्हणालो.

तुम्हाला काही आठवलंच नाही. "मंग बाबा, पाखराची कविता लिहून दे अशी. पुस्तकातलं बिलकुल दिसत न्हाई."

दिली की. अख्ख्या मांजरपाटावर लिहिली आणि बाजाराच्या दिवशी नेमकी त्याच दुकानापुढं टांगली. त्याच मोंढ्यात तुमच्या तोंडून माझी अक्षरं वदवून घ्यायची होती. शेवटी टाकायचं वाक्य पाठच केलं होतं: "काय गुरुजी, विटा वाचता येतात ना?" तुम्ही वाचलंत. एकदाही अडखळला नाहीत. हमाल पोती टेकवून ऐकत राहिले. कविता संपली, तुम्ही डोळे पुसत कापडाची घडी करून मागितलीत आणि काखेत मारून निघून गेलात. माझं वाक्य टाकायचं राहूनच गेलं.

ते आज इथं लिहितो. विटा वाचता आल्या ना, गुरुजी? हा कागद पाठवायचा तरी कुठं? कबूल एवढंच करतो, की दुसऱ्या कडव्यापासून मीही तुमच्या मागोमाग म्हणायला लागलो होतो. आणि त्याचाच राग अजून जात नाही.