ध्रुवयानावर कोणी कुठे उभं राहायचं

१४ नोव्हेंबर २००५, सोमवार

ही रोजनिशी मला चंदाबाईमुळे लिहावी लागते आहे. काल महिला मंडळाच्या सभेत तिने चारचौघींत सांगितलं की अवकाशयानाची कप्तान तिला करायचं मी कबूल केलं होतं. मी फक्त "बघू" म्हणाले होते. नेरमध्ये "बघू" म्हणजे होकार समजतात, हा गावाचा दोष. यापुढे सगळं लेखी, तारखेसह.

वस्तुस्थिती अशी. २२ जानेवारीला यवतमाळला जिल्ह्याची महिला विज्ञान-एकांकिका स्पर्धा आहे. एकांकिका 'ध्रुवयान', लेखिका मी. दिग्दर्शन माझं. कप्तान मी. बी.एस्सी. १९६९, अमरावती. एकतीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं. चंदाबाई पिठाची गिरणी चालवते.

१६ नोव्हेंबर, बुधवार

मंडळाच्या खोलीत खडूने यानाची नियंत्रण-खोली आखली. पाच वर्तुळं, पाच ड्यूट्या. तक्ता भिंतीवर लावला.

कप्तान: मी. मधोमध, खुर्चीत. बाकीच्या उभ्या.
दिशा: नलू. शिवणकाम करते. सरळ रेघ मारता येते, एवढीच पात्रता.
इंजिन: चंदाबाई. तोंड वाकडं करून घेतलं, पण घेतलं.
संपर्क: सुरभी. नवी सून, तसंही दिवसभर मोबाइलवर असते.
दरवाजा: मैनाबाई. शेतकरीण, चौथी पास. दरवाजा प्लायवूडचा, त्याला पाय नाहीत. कोणीतरी मागून धरून उभं राहावं लागतं. संवाद एकच: "दरवाजा बंद."

नियम १. प्रत्येकीने आपलीच जागा सांभाळायची. दुसरीच्या जागेला हात लावायचा नाही.
नियम २. चालू ड्यूटीत जो जागा सोडेल त्याचं पद गेलं. कारण ऐकलं जाणार नाही.

चौघींच्या सह्या घेतल्या. माझीही केली, नमुना म्हणून.

२१ नोव्हेंबर

पहिली तालीम. मैनाबाईला शंका. आभाळात ना गाय ना वासरू, मग दरवाजा कायले लागते? मी निर्वात पोकळी, हवेचा दाब, सगळं पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी ती म्हणाली, म्हणजे वारं बाहेर जाऊ नये म्हणून. हे तिने एका वाक्यात म्हटलं म्हणून बाकीच्या हसल्या. वाक्य अपुरं होतं.

नलूला डावं-उजवं कळत नाही. तिने हातावर मेंदी काढून घ्यायचं सुचवलं, डाव्यावर मोर.

२८ नोव्हेंबर

सौर वादळाचा प्रवेश. इंजिन बंद पडतं, चंदाबाईने "अणुभट्टीत बिघाड" म्हणायचं आहे. ती म्हणते, "पट्टा उतरला." तीन वेळा सांगितलं की अवकाशयानाला पट्टा नसतो. ती म्हणाली, मग चक्की फिरते कशी? अशा लोकांना घेऊन मी ताऱ्यांपर्यंत जायचं आहे.

खुर्ची मिळाली. लालसिंगच्या सलूनमधली जुनी, गोल फिरणारी. तो मैनाबाईच्या शेजारी राहतो म्हणून तिनेच ती मागून आणली. आणणं हे दरवाज्याचंच काम आहे.

६ डिसेंबर, मंगळवार

मैनाबाई दोन तालमींना गैरहजर. दरवाजा नलूच्या शिलाई मशीनला टेकवला, तो सुरभीवर पडला. चौकशीसाठी स्वतः गेले.

मैनाबाई कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत एकटी, तिचा नवरा विठ्ठलराव वैरण आणायला गेलेला. वजनकाटा तीन दिवस बंद. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पार पेट्रोल पंपाच्या पुढेपर्यंत. बायका गाड्यांखाली चुली मांडून बसल्या आहेत. भाव काय फुटेल, फुटेल की नाही, कोणाला माहीत नाही, आणि तरी तिथे कुठला गोंधळ नाही, हे मला संशयास्पद वाटलं.

मी तिला म्हटलं, तालीम महत्त्वाची आहे. ती म्हणाली, हो मॅडम, चाला. आणि मागच्या गाडीवरच्या रुक्माबाईला फक्त एवढं म्हणाली, "माहा नंबर धर वं." एवढंच. सत्तावीस मण कापूस तसाच टाकून माझ्यासोबत आली. संध्याकाळी तिला सोडायला गेले तर रांग हलली होती आणि तिची गाडी रुक्माबाईने आपल्या गाडीआधी अकरा जागा पुढे ओढत नेऊन ठेवली होती.

मी विचारलं, उद्या ती बाई म्हणाली की हा नंबर माझाच, तर? मैनाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अश्लील बोलले होते.

"असं कोनी करत नाई, मॅडम. धरला नंबर वापस द्याच लागते."

भोळेपणा. लेखी काही नाही, सही नाही. अशा पद्धतीवर यान चालत नाही.

१४ डिसेंबर

ज्याचं भय होतं तेच झालं. चंदाबाई गिरणीत अडकली तर सुरभी इंजिनवर उभी. सुरभीचा फोन आला तर नलू संपर्कावर. नलूला दिशा विचारली तर दरवाज्यामागून मैनाबाईने सांगितली, आणि बरोबर सांगितली, ते अधिक वाईट. मी तालीम थांबवून नियम १ मोठ्याने वाचला. चंदाबाई म्हणाली, रांगेत चालते ते इथं काहून नाही चालत? मी म्हटलं, ही रांग नाही, हे यान आहे.

घरी कमलाकररावांनी (आमचे यजमान, निवृत्त भूमापक) चहा ओतता ओतता सुचवलं की विंगेत एक प्रॉम्प्टर ठेव. मी विचारलं, कोणासाठी? ते बशीत बघत राहिले.

त्यांना १९६९ सुचवायचं होतं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी नाटकात होते, ते विंगेत प्रॉम्प्टर होते. तिसऱ्या प्रवेशात मी स्टेजवरून आत आले कारण मला ताप होता. ताप मोजलेला नव्हता, पण होता.

२ जानेवारी २००६

कप्तानाचं भाषण लिहून पूर्ण. चार पानं, अकरा मिनिटं. वादळात दल घाबरतं तेव्हा कप्तान विज्ञानाचा इतिहास सांगून त्यांना धीर देते. आज पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्या पानाला नलू बसली, तिसऱ्याला सुरभी. चंदाबाईने गहू निवडायला आणले होते. मैनाबाई मात्र दरवाजा धरून उभी. पाहते तर तिचे ओठ माझ्या शब्दांमागून हलत होते. तोंड बंद ठेवायला सांगितलं. दरवाज्याला भाषण नसतं.

१५ जानेवारी, रविवार

रंगीत तालीम उत्तम. निदान माझी. दुसरं पान मी मुद्दाम गाळलं, गती वाढावी म्हणून. पण मैनाबाईला वाटलं मी विसरले, आणि तिने दरवाज्यामागून दुसऱ्या पानाची पहिली ओळ हळूच दिली. तिला सर्वांसमोर समज दिली. म्हणाली, चुकलं मॅडम, मले वाटलं नंबर सुटला तुमचा.

कमलाकरराव पुन्हा प्रॉम्प्टरचं बोलले. प्रॉम्प्टर म्हणजे आधीच हार मानणं. विषय बंद.

२१ जानेवारी

उद्यासाठी निश्चय: एक, प्रेक्षकांकडे बघायचं नाही, त्यांनी माझ्याकडे बघायचं. दोन, पाणी प्यायचं नाही. तीन, १९६९ आठवायचं नाही. आता लिहिलं म्हणून आठवलं, एरवी आठवलं नसतं.

भाषण आंघोळीत दोनदा बिनचूक.

२२ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ५.४०, यवतमाळ बसस्थानक

सर्व नोंद आत्ताच करते, नंतर लोक काहीही सांगतील.

पडदा वर गेला. हॉल भरलेला. आठशे माणसं, जास्तच. वादळापर्यंत सर्व नियोजनाप्रमाणे. मी उठून भाषणाला सुरुवात करणार, तोच खुर्ची माझ्या आज्ञेविना फिरली आणि थेट प्रेक्षकांसमोर थांबली. खालचा स्क्रू ढिला असणार. पहिल्या रांगेत एक बाई शेंगा सोलत होती. तिने सोलणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पाणी प्यायला मी विंगेत गेले. अर्ध्या मिनिटासाठी. याला जागा सोडणं म्हणत नाहीत.

विंगेत कमलाकरराव चार पानं हातात घेऊन उभे होते.

तेवढ्यात स्टेजवर शांतता झाली आणि मैनाबाई दरवाजा सोडून चालत गेली. तिने खुर्चीच्या हातावर हात ठेवला, बसली मात्र नाही, आणि मोठ्याने म्हणाली,

"कप्तानबाई आल्या का बसतीन. तोपर्यंत नंबर मी धरतो."

आठशे माणसं हसली. यवतमाळात रांगेत उभं न राहिलेलं कोण आहे? मग तिने माझं भाषण सुरू केलं. अकरा मिनिटांचं भाषण एका श्वासात उरकलं:

"आपापल्या जागी राहा. जिले चक्कर येईन तिची जागा दुसरीनं धरा, अन् बरी झाली का वापस द्या. वारं बाहेर जाऊ द्याचं नाई."

विज्ञानाचा इतिहास संपूर्ण गाळला. नियम १ च्या थेट विरुद्ध. आणि टाळ्या.

मी लगेच परत जाणार होते. पण मैनाबाई निघाल्याबरोबर विंगेच्या तोंडाशी असलेला दरवाजा झुकला. त्याला पाय नाहीत, हे मी आधीच नोंदवलं आहे. पडला असता तर थेट सुरभीवर. म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला, बावीस मिनिटं. दरम्यान मैनाबाई तीन वेळा विंगेकडे वळून म्हणाली, "या कप्तानबाई, तुमचीच हाये." तिन्ही वेळा हशा. तिन्ही वेळा मला जायचं होतं. हात मोकळे नव्हते.

शेवटी चंदाबाई "पट्टा चढला" म्हणाली. त्यालाही टाळ्या.

दरवाजा मी धरला नसता तर नाटक पडलं असतं. हे कोणीही बोललं नाही. बस सुटते आहे.

२३ जानेवारी

निकाल. पहिला क्रमांक 'ध्रुवयान'. उत्कृष्ट अभिनय: मैनाबाई. परीक्षकांचा शेरा फोनवरून सुरभीने वाचून दाखवला: कप्तानाची जागा रिकामी करून दलाने ती सांभाळणं, ही दिग्दर्शिकेची कल्पना अत्यंत धाडसी.

मी कल्पना नाकारली नाही. दिग्दर्शिका मीच आहे.

विभागीय फेरी १९ फेब्रुवारीला, अमरावतीला. १९६९चा तोच हॉल. तिथल्या खुर्चीत मी बसणार. सदतीस वर्षांचा प्रश्न आहे.

२९ जानेवारी, रविवार

मंडळाची सभा. मैनाबाई स्वतः उठली आणि म्हणाली, मॅडमची खुर्ची मॅडमले वापस, मी फक्त धरली होती. सभ्य बाई. मी बसायला निघाले. तेव्हा चंदाबाई भिंतीजवळ गेली आणि नियम २ मोठ्याने वाचला. चालू ड्यूटीत जो जागा सोडेल त्याचं पद गेलं. कारण ऐकलं जाणार नाही. खाली माझी सही.

मी पाण्याचं कारण सांगितलं. मग स्क्रूचं. मग ताप आल्यासारखं वाटत होतं, हेही सांगितलं. नलू आपल्या डाव्या हातावरचा मोर बघत बसली. कमलाकरराव दारात मला न्यायला आले होते, ते म्हणाले, "शोभा, तेव्हाही ताप नव्हता गं." एवढंच, तेही हळू. सदतीस वर्षं हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

मी सभेला सांगितलं की विचार करून कळवते. मग मैनाबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, अमरावतीले भेव वाटलं तर सांगजा मॅडम, मी दाराच्या मांगंच राहीन. मी म्हटलं, भीतीचा प्रश्नच नाही. ती म्हणाली, नाईच तर.

७ फेब्रुवारी

दुपारी खोलीची किल्ली घेऊन एकटी गेले. खुर्चीत बसले, प्रेक्षकांकडे तोंड केलं. प्रेक्षक म्हणजे चंदाबाईची दोन पोती आणि एक मांजर. भाषण सुरू केलं. पहिल्या पानाच्या शेवटी मांजराने माझ्याकडे पाहिलं.

पाणी प्यायला बाहेर आले.

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

दिग्दर्शिकेला प्रयोग बाजूने पाहता आला पाहिजे, या कलात्मक कारणासाठी मी आज स्वेच्छेने फेरबदल केला. नोंद:

मैनाबाईला सुपूर्द:
फिरती खुर्ची, लालसिंगची, एक. स्क्रू तिने तपासला. म्हणते घट्टच होता.
कप्तानाची टोपी, एक. माझ्यासाठी आत कागद घालावा लागत होता. तिला लागला नाही.
शिट्टी, शाळेची, एक.
भाषण, चार पानं. घेतलं नाही. "असू द्या, पाठ हाये."

मला मिळालं:
दरवाजा, प्लायवूडचा, एक. मागे धरायला दोन कड्या.
संवाद, एक.
जागा न सोडण्याबद्दल समज, तोंडी, एक.

मिळालं.
सही: शोभा