हुसेनमियाँची बायको

अल अझीझिया, जेद्दा
शनिवार, ९ फेब्रुवारी १९९१

जमालुद्दीनभाई,

अस्सलामु अलैकुम. भाभींना सलाम, मुलाबाळांना दुआ. आम्ही इथे सगळे जिवंत आहोत. तुम्ही विचारलं नव्हतंत, तरी सांगते.

तुमचं डिसेंबरातलं पत्र या सोमवारी हातात पडलं. लढाईमुळे टपालाची रड आहे, त्यात तुमचा दोष नाही. तुम्ही लिहिलंत तेव्हा बॉम्ब पडायला लागले नव्हते, हेही मी धरून चालते. पण कुवेत ऑगस्टातच गेलं होतं आणि तुमचा मुलगा तिथून जवळ, धाहरानला, कंपनीच्या कॅम्पात होता. एवढं लांबलचक पत्र लिहिलंत, आणि तो कसा आहे, जेवतो का, झोपतो का, याबद्दल एक अक्षर नाही. बाप आहात ना त्याचे?

तेव्हा भाभींना आधी हे वाचून दाखवा, बाकीचं नंतर. आकिब सुखरूप आहे. कंपनीने त्याच्या खात्यातल्या लोकांना थोडे दिवस सुट्टी दिली, तेव्हा तो बसने अख्खा देश ओलांडून आमच्याकडे आला. येताना गळ्यात गॅस मास्कची पिशवी, आणि कपड्यांची बॅग मात्र कॅम्पातच राहिलेली. माझ्या नवऱ्याचे, इस्मतचे, कुडते घालून घरात फिरतो. पहिल्या दिवशी माझ्या कुकरची शिटी झाली आणि हा पानावरून उठून जिन्याखाली जाऊन बसला. आम्ही कोणी हसलो नाही. तेव्हापासून मी डाळ पातेल्यात शिजवते. जेद्दापर्यंत अजून काही आलेलं नाही, पण खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आहेत. भाभींना म्हणावं, पोरगं दोन वेळा भात खातं आणि तब्येत ठीक आहे.

आता तुमच्या शजऱ्याकडे वळते.

दोन वर्षं तुम्ही आपल्या खानदानाची वंशवेल जमवताय, आणि मी तुमच्याबरोबर जमवतेय. विसरला असाल, म्हणून आठवण देते. हजच्या दिवसांत नैरोबीचे, केपटाऊनचे, मुंबईचे आपले लोक बलदमध्ये, इथल्या जुन्या बाजारात, इस्मतच्या हॉटेलात उतरतात. त्यांतल्या म्हाताऱ्यांच्या पायाला तेल चोळत, त्यांना चहा पाजत मी एकेकीकडून नावं काढली. कोणाची आजी कुठून आली, कोणाचा मुलगा कोणत्या साथीत गेला. पुरुषांना आपल्या बापाच्या पलीकडे काही आठवत नाही, बायकांना सगळं आठवतं. ते सगळं मी तुम्हाला लिहून पाठवलं आणि तुमचं उत्तर आलं की मला बरं वाटायचं. घरातून एवढी लांब आलेली बाई मी. केपटाऊनच्या बाईच्या पणजीचं आणि माझ्या आजीचं घर एकाच पाखाडीला होतं हे कळलं, त्या दिवशी मी इस्मतला मासे तळून घातले होते.

ऑक्टोबरात तुम्ही लिहिलंत, की आपलं मूळ हजरमौतचं, येमेनातलं आहे आणि नैरोबीकर त्याचा पुरावा मागतात. जेद्दात हजरमी लोक पुष्कळ, एखाद्या जाणत्याकडून शिक्क्याचा कागद मिळव, तिथे त्याला काही कष्ट पडत नाहीत. बसल्या जागेवरून लिहायला तुम्हाला कसले कष्ट पडतात म्हणा.

इथे काय चाललं होतं ऐका. येमेनच्या सरकारने युनोत इराकविरुद्ध हात वर केला नाही, त्याचा राग इथल्या येमेनींवर निघाला. आजवर त्यांना कफील, म्हणजे हमी घेणारा सौदी मालक, लागत नव्हता. आले, दुकान टाकलं, राहिले. सप्टेंबरात फर्मान निघालं, की आता सौदी कफील आणा, नाहीतर चालते व्हा. आमच्या खालच्या मजल्यावर आलिमा राहायची. तिचा नवरा कादिर, त्याचं बलदमध्ये मसाल्याचं दुकान. दोघंही खरेखुरे हजरमी, तुम्हाला हवे तसे. कादिर जेद्दातच जन्मलेला, त्याचा बापही इथेच पुरलेला. कफील व्हायला जो तयार झाला, त्याला बदल्यात दुकानच हवं होतं.

तुम्ही पाठवलेला नमुन्याचा कागद घेऊन मी खाली गेले. आलिमा गोधड्या दोरीने बांधत होती. घरात अर्धी गल्ली स्वस्तात सामान घ्यायला घुसलेली, कोणी तिच्या फ्रिजचा दरवाजा उघडून बघतंय, कोणी गालिच्याचं टोक उलटून. माझ्या हातातला टाइप केलेला कागद तिने पाहिला आणि दोरी टाकून उठली. तिला वाटलं, सरकारचा आणखी एखादा हुकूम घेऊन आले. मी कागद पाठीमागे लपवला आणि तिच्याबरोबर गोधड्या बांधायला बसले. आठवड्याभरात ती मुलांना घेऊन ट्रकमध्ये बसून गेली, कधी न पाहिलेल्या गावाला. जाताना मला मिठी मारून रडली आणि मीही रडले.

आता सांगा जमालभाई, तुम्हाला अरब व्हायचंय ते कशासाठी? ज्यांच्या अंगात ते रक्त आहे, ज्यांना त्यासाठी कोणाचा शिक्का लागत नाही, त्यांना इथल्या अरबांनी असं हाकललं. आणि तुम्ही दाभोळला बसून अरब असल्याचा कागद मागवताय. इथे एक दिवस येऊन राहा. आमच्या इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर, काय लिहिलंय, दुकानदार आम्हाला काय नावाने हाक मारतो, ते बघा. इथे येऊन 'मी शेख, मूळचा हजरमौतचा' म्हणून तर बघा.

हे मी तुम्हाला तेव्हाच लिहायला हवं होतं, पण म्हटलं जाऊ दे, भाई आहेत, छंद आहे त्यांचा. 'कागद मिळत नाही' एवढंच कळवलं.

त्यावर हे डिसेंबरातलं पत्र आणि सोबत शजऱ्याची टाइप केलेली प्रत. ईदनंतर छापून सगळ्यांना वाटणार म्हणता. मी माझी शाखा उघडली. माझे पणजोबा हुसेनमियाँ, तांडेल. त्यांच्या बायकोच्या जागी 'बीबी सकीना, हजरमौतच्या सय्यद घराण्यातील'. कोण ही सकीना? कुठल्या गलबतातून उतरली? माझ्या पणजीचं नाव पारू. खारव्यांची विधवा सून, दाभोळच्या बाजारात मासळी विकायची. हुसेनमियाँवर जीव जडला, तिने कलमा पढला. निकाहात नाव मरियम ठेवलं, पण गाव तिला शेवटपर्यंत पारूच म्हणत राहिलं. हे मी तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहून पाठवलं होतं.

वर तुम्ही लिहिता, आकिब आणि तुमच्या झेबाचं जमलेलं आहे, ते पुढे न्यायचं तर मुलीची शाखा स्वच्छ दिसायला हवी. सकीनाचा कागद जेद्दाहून आला तर ठीक, नाहीतर या सोयरिकीचा फेरविचार करावा लागेल. स्वच्छ. हा शब्द तुमचा आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि लिहिताना आत्ताही होतोय.

पण हे मी वाचलंच नाही, जमालभाई. मी ऐकलं. तुमचं पत्र आलं तेव्हा आकिब घरी होता. बापाचं अक्षर बघून हरखला, म्हणाला, "फूफी, मी वाचतो." इस्मत पान लावत होता, झेबा चहा गाळत होती, आणि तुमचा मुलगा मोठ्याने वाचायला लागला. 'मासळी विकणारी बाई' पर्यंत आला. 'स्वच्छ' पर्यंत आला. 'आकिबला यातलं काही कळू देऊ नये' हेही त्याच आवाजात वाचलं आणि मग थांबला. झेबाच विचारती झाली, "अम्मी, ये पारू कौन है?" आमची इंग्लिश शाळेतली लेक, तिला दाभोळ म्हणजे सुट्टीतले आंबे. मी तिला बसवलं आणि सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "तो इसमें छुपाने का क्या है?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तिला कळवा.

आकिब दुसऱ्या दिवशी इस्मतजवळ बसला. म्हणाला, "सोमवारी मला परत धाहरानला जायचंय. जाताना हे अधांतरी ठेवून मी जाणार नाही." इस्मत भित्रा माणूस, तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, जमालभाईंशी आधी बोलू. टेलिफोनच्या केबिनमध्ये दोन संध्याकाळी घालवल्या, दाभोळची लाइन काही लागली नाही. मी म्हटलं, खलास, आता वाट बघायची नाही. मुलगा सज्ञान, मुलगी राजी, मुलीचा बाप हजर. रागाच्या भरात केलं असं म्हणाल. राग होताच, तो मी लपवत नाही. पण त्या पोराला आम्ही पुन्हा सायरनखाली पाठवणार आहोत, आणि जाताना त्याच्या डोक्यावर कोणाचा तरी हात हवा होता.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर आमच्या घरात निकाह झाला. मुरुडकडचे एक मौलवी आहेत, त्यांनी पढवला. हॉटेलातले दोघं साक्षीला. वकिलातीतली नोंद लढाई संपल्यावर करू.

एकाच बाईचं दूध प्यायलेल्यांचा निकाह होत नाही, म्हणून पढवण्याआधी मौलवींनी नेहमीचं विचारलं, दोन्ही घरांत दुधाचं काही नातं आहे का. आपल्याकडे सगळे 'नाही' म्हणतात आणि पुढे जातात. मला 'नाही' म्हणता येईना.

ही गोष्ट मी तुम्हाला कधीच लिहिली नव्हती. बाबांनी मला बजावलं होतं, की त्या घरात हे बोलून दाखवू नकोस, उपकार काढायचे नसतात. पण निकाहाच्या वेळी मौलवींपुढे खोटं कसं बोलू? मी सांगितलं. हुसेनमियाँचे थोरले भाऊ, म्हणजे तुमचे पणजोबा, यांची बायको बाळंतपणात गेली. मूल जगलं, पण शेखांच्या घरात त्याला अंगावर घ्यायला कोणी नव्हतं. त्याच घराने पारूला तोवर उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. तेव्हा घेतलं. तिचा मुलगा, माझे आजोबा, तेव्हा अंगावर पीत होता. एकीकडे तो आणि दुसरीकडे ते पोरकं मूल, असं तिने दोघांना वाढवलं. ते पोरकं मूल म्हणजे तुमचे आजोबा.

मौलवी म्हणाले, इतक्या पिढ्यांनंतर निकाहाला अडचण नाही. मग आकिबकडे वळून म्हणाले, "दूध पाजणारी आईच असते, बेटा. ती तुझीही." आकिबने मला विचारलं, "बाबांना हे माहीत आहे?" मी मौलवींना म्हटलं, पढवा. तुमचा मुलगा आहे, बापाचा मान त्याच्यापुढे मी कशाला घालवू? पण तुम्हाला सांगते. तुम्हाला माहीत आहे. ईदच्या नमाजावरून परतताना तुमचे वडील आधी पारूच्या कबरीवर जायचे आणि मग बाकीच्यांच्या. तुम्ही त्यांचं बोट धरून असायचात, मी बाबांचं. ती कोण, असं तुम्ही माझ्यादेखत विचारलं होतंत आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. विसरून केलं असतंत तर मी एवढी भांडले नसते.

आकिब तुम्हाला वेगळं लिहील. दोनदा लिहून फाडलं त्याने. त्याच्यावर राग काढू नका, काढायचा तर माझ्यावर काढा.

शजरा छापायला टाकण्याआधी एवढं करा. आकिबच्या शेजारी झेबाचं नाव घाला. हुसेनमियाँच्या शेजारी पारू लिहा, मरियम लिहायचं तर तेही लिहा, पण पारू आधी. लिहायचं नसेल, तर तुमच्या आजोबांच्या खाली काही लिहू नका. तुमचे वडील नको, तुम्ही नको, आकिब नको. तिने अंगावर घेतलं नसतं, तर ते मूल चार दिवसही जगलं नसतं.

भाभींना म्हणावं, सून गोरी नाही, पण चहा चांगला करते आणि तुमच्या मुलाच्या उशाशी बसून राहते. मुलांना दुआ द्या.

तुमची विहीण,
खुर्शीद