सील न तोडलेल्या रेग्युलेटरची व्यवस्था

मी, प्रभाकर यशवंत कारखानीस, वय ७१, निवृत्त तपासणी अभियंता, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग आहे, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोक्याविषयी बायकोचे मत वेगळे आहे, पण तिचा दाखला कायद्याला लागत नाही.

१. राहते घर पत्नी चित्रा हिला, तिच्या पश्चात मुलगी क्षिप्रा हिला. ठेवी दोघींना निम्म्या निम्म्या. क्षिप्राने आईला मनाविरुद्ध घोडबंदर रोडच्या आपल्या फ्लॅटवर नेऊ नये. तिथे तिला कोणी ओळखत नाही.

२. मेहुणा सुधीर याला काहीही नाही. आमचा मुलगा मुकुल याच्या तेराव्याला पंगतीत बसून तो म्हणाला, "हौसेला मोल नसतं." माझ्या तेराव्याला त्याला बोलवावे, नाही बोलावले तरी तो येणारच.

३. माझी हत्यारे क्षिप्राला. कारखान्यात जन्मभर मी दाबाचे व्हॉल्व्ह उघडून तपासले. पाने अजून चांगले आहेत, भंगारात घालू नयेत.

४. कपाटात पांढऱ्या कापडात एक रेग्युलेटर आहे. पाण्याखाली टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारे हे यंत्र. मुकुलला स्कूबा डायव्हिंगचा नाद होता, म्हणून वाढदिवसाला मी ते घेऊन दिले आणि बिल माझ्या नावावर केले. काही महिन्यांनी तो म्हणू लागला की खोल गेल्यावर श्वास जड येतो. वॉरंटी होती, म्हणून ठाण्याच्या सेवा केंद्रात दिले. त्यांनी "दोष आढळला नाही" असे लिहून, नवे सील मारून परत पाठवले. त्यानंतरच्या पहिल्याच सहलीत, २०२२ च्या डिसेंबरात, मुकुल खाली गेला आणि त्याला वर आणावे लागले. पोलिसांनी अपघाताची नोंद केली व सामान आमच्या ताब्यात दिले.

कंपनी म्हणते, वॉरंटी मूळ खरेदीदारालाच आहे, वापरणारा दुसराच होता. शिवाय सील कंपनीखेरीज कोणी तोडले तर दावा संपला. केंद्रातल्या सुशांत नावाच्या पोराने मला समजावले, "काका, बिल तुमच्या नावावर आहे ना, मग डाइव्ह पण तुम्हीच केलेली पाहिजे." त्याच्यावर राग नाही, पढवले तेवढे तो बोलला. त्याच्या साहेबावर आहे आणि तो राग मी कोणाला देऊन जात नाही.

मी ग्राहक आयोगात गेलो. गेल्या वर्षी कंपनीने तडजोड पाठवली: जुना रेग्युलेटर न उघडता परत करा, नवा कोरा घ्या, सही करा. चित्रा पोळ्या लाटत होती, तिला मी पत्र वाचून दाखवले.

"नवा कोणाला देणार?" ती म्हणाली. मग पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "अहो, तुम्हाला उघडता येतो ना तो? मग उघडा. त्याला हवा मिळत होती की नाही, एवढंच मला कळू दे."

मी म्हणालो, सील तुटले तर केस गेली. ते खरेच होते. पण आयोगामार्फत प्रयोगशाळेत तपासणी मागता येते, असे वकिलाने सांगितले होते. तो अर्ज मी केला नाही, आणि चित्राला त्याविषयी बोललोही नाही.

कारण येथे लिहितो. आतला व्हॉल्व्ह अडकलेला निघाला तर माझ्या भेटीने माझा मुलगा मारला. नीट निघाला तर मुकुलच चुकला, आणि कंपनी इतकी वर्षे खरे बोलत होती. केस चालू आहे तोवर यातले काहीच ठरलेले नाही. मला त्यात राहता आले. चित्राला मात्र रोज त्या कपाटातून साड्या काढाव्या लागल्या.

५. म्हणून, माझे दहन झाल्यावर, दिवसांची वाट न पाहता, क्षिप्राने तो रेग्युलेटर जाणत्या माणसाकडून चित्रासमोर उघडवून घ्यावा. केस पडली तरी चालेल. वारस म्हणून ती पुढे चालवायची की सोडायची, हे चित्राने ठरवावे. आत जे निघेल ते तिला जसेच्या तसे सांगावे, वेळ मारून नेऊ नये.

चित्रा आत्ता आत चहा टाकते आहे. तिला हाक मारली तर हे आजच होईल, हे मला कळते. तरीही ते माझ्या पश्चातच व्हावे, अशी माझी इच्छा आहे.

(सही) प्रभाकर यशवंत कारखानीस
डोंबिवली पूर्व, दिनांक ९ ऑक्टोबर २०२५

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली. सही होईपर्यंत खोलीचे दार लावून घ्यावे, असे त्यांनी आम्हास सांगितले.

(सही) डॉ. भावना टिपणीस, शेजारी
(सही) महिपत शेलार, सचिव, गृहनिर्माण संस्था