कुलूपवाल्याचं बाप रे

प्रिय भागूबाई,

पन्नाशी उलटलेल्या भावाला अशी हाक मारू नये हे मला कळतं, पण तुझं खरं नाव माझ्या तोंडात कधी बसलंच नाही. पत्र बघून कपाळाला हात लावू नकोस. बातमी अशी, की आपला कुलूपवाला परत येतोय. हो, तोच, राक्षसाच्या किल्ल्यातली दारं उघडत फिरणारा. गेम पार्लरमधली ती कपाटाएवढी यंत्रं कधीच भंगारात गेली, पण आता हाच खेळ लोक घरच्या कॉम्प्युटरवर खेळणार आहेत. जुन्या चित्रकारांपैकी कुणीतरी हवं म्हणून तो नव्याने काढणाऱ्या कंपनीने मला हुडकून काढलं, आणि गेल्या गेल्या माझं भांडण झालं. कुलूपवाल्याला तू दिलेला आवाज काढून तिथे एका नव्या नटाचा घालायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जुन्या टेपवर खरखर फार आहे म्हणे. मी म्हटलं, खरखर पुसा ना, माणूस कशाला पुसता?

तशी माणसं चांगली आहेत. मालकीण माझ्या सुनेच्या वयाची. लहानपणी स्टुलावर चढून आपला खेळ खेळायची आणि हरली की यंत्राला लाथ मारायची, हे तिनेच सांगितलं. चपलांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. जिन्यात चामड्याचा वास आणि वर नुसत्या वायरी, पाय टाकायला जागा नाही. मला खिडकीजवळची खुर्ची दिलीय. आपली जुनी चित्रं एकेक करून पडद्यावर येतात, कुठे डाग, कुठे चरा, तो पुसायचा आणि पुढे जायचं. आपण त्या बिचाऱ्या कुलूपवाल्याला किती तऱ्हांनी मारलंय रे! दाराखाली चेंगरून काय, किल्लीसकट गिळून काय, प्रत्येक चुकीला वेगळं मरण, आणि प्रत्येक मरण हाताने काढलेलं. राक्षसाच्या कानात तू मला न विचारता जांभळा रंग भरला होतास, आठवतं? तो तसाच आहे. छान दिसतो. तेव्हा मी तुला बोल बोल बोलले होते, पण छान दिसतो.

त्या जांभळ्याकडे बघताना तुझं ते रेकॉर्डिंग आठवलं. ठरलेला नट सर्दीने आडवा झाला म्हणून आपल्या साहेबांनी रंग भरणाऱ्या तुला हाताला धरून त्या गोधड्या टांगलेल्या खोलीत ढकललं. काम एवढंच, की दार उघडलं, आतलं काहीतरी अंगावर आलं, की कुलूपवाल्याने दचकून बाप रे म्हणायचं. तू दार उघडायच्या आधीच म्हणायचास. साहेब ओरडायचे, अरे अजून काही दिसलंच नाही, घाबरतोस कशाला? पण आत काय बसलंय ते तू स्वतःच रंगवलेलं, तुला ते पाठ. किल्लीला हात लागला की तू ओरडलासच. शेवटी साहेब कंटाळले आणि मला म्हणाले, आवाज राहू दे, तू तोंडं बदल. सगळ्या दारांवरची त्याची तोंडं मी पुन्हा काढली, वेळेआधी उघडणारी. त्या तोंडांचा असा वीट आला, की शेवटच्या मनोऱ्यात मी त्याला सरळ पाठमोराच काढला. चढ म्हटलं, तोंड दाखवू नकोस.

तर भांडणाचं पुढे काय झालं ते ऐक. नव्या नटाचा आवाज घालून खेळ तयार झाला आणि जुन्या खेळाडूंना बोलावून तो खेळायला दिला. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, एके काळचे नावाजलेले. पहिल्याच दाराशी मेले. पुन्हा खेळले, पुन्हा मेले. घाम पुसत म्हणाले, वय झालं, हात राहिला नाही. त्यांच्यामागून सगळेच मेले, मालकीणसुद्धा. कुणाला काही कळेना. मग तिने जुनी खरखरीत फीत लावली आणि खेळायला बसली, तर सुटली की घोड्यासारखी. मध्येच थांबली आणि माझ्याकडे वळली. म्हणाली, मी दाराकडे कधी बघतच नव्हते, मी या बाप रेची वाट बघायचे. तू ओरडलास की ही खेळाचा दांडा फिरवणार आणि कुलूपवाला वाचणार. नवा नट बिचारा बरोबर वेळेवर दचकतो, तोवर दांडा फिरवायला उशीर झालेला असतो, म्हणून सगळे मरतात. तुझ्या भित्रेपणावर एवढी पोरं जिंकली, आणि आपल्याला पत्ताच नाही. मला हसू आवरेना, आणि मग रडूही आलं, ते जाऊ दे.

तुझा आवाज परत आला. तुझं बाप रे आता घरोघरी ऐकू येईल. हे तुला फोनवर सांगणार होते, पण वहिनी म्हणते, फोन वाजला की तू उठून आत जातोस. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तू खिडकीशी बसून असतोस, लिहायला दिलेली पाटी कोपऱ्यात पडलीय, आणि मित्र आले तर झोपल्याचं सोंग करतोस. डॉक्टरांनी आवाज काढून घेतला, तुला नाही रे. मला राग येतो तुझा. तुझी आठवण येते आणि त्याचाच राग येतो.

आता खरं कारण. शेवटच्या मनोऱ्याची टेप खराब झालीय, त्यावर तुझा एक शब्द शिल्लक नाही. तेवढ्यापुरतं त्या नटाला घ्यावं लागणार. पोरगा गुणी आहे, तुझ्या आवाजाची नक्कल हुबेहूब करतो, पण आधी घाबरणं काही त्याला जमत नाही. यंत्रावर आवाज थोडा अलीकडे सरकवून पाहिला, तर सगळी दारं सारखीच वाटायला लागली. तू तर उंदराला फार आधी घाबरायचास आणि राक्षसाला जेमतेम क्षणभर आधी, त्याला काही नियमच नव्हता. कुलूपवाला पाठमोरा, त्यामुळे तोंड बघूनही काही कळत नाही. म्हणून त्यांना मी सांगून आलेय, की माझा भाऊ येईल. नटाच्या शेजारी बसेल, त्याच्या खांद्यावर हात ठेवेल, आणि घाबरला की खांदा दाबेल. बोलायचं काही नाही. तिथे कुणी तुला बोल म्हणणारही नाही. तुला बरं वाटावं म्हणून काढलेली ही युक्ती नव्हे, शपथेवर सांगते, तुझ्यावाचून मनोरा खरोखर अडलाय. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन दाराशी येते. नवा शर्ट घाल. लोकांत जायची भीती वाटेल, मला माहीत आहे. वाटू दे. घाबरत घाबरतच ये, त्यांना तसाच हवा आहेस.

तुझीच,
ताई