टिंबाच्या पुढचा

३ मार्च, गुंटूर
पोचलो एकदाचा! वीटभट्टी झाली, विशाखपट्टणमला लाँचवर मासे ओढून झाले, हॉटेलात ताटं घासून झाली, पण पाय कुठं ठरला नाही. आता मिरचीचं कोल्ड स्टोरेज. बाहेर गाव भाजतंय आणि आत आम्ही कानटोप्या घालून! अक्का म्हणाली होती, सिंहाचलम, रोज चार ओळी लिही, नाहीतर पाचवीपर्यंतची अक्षरंही विसरशील. म्हणून ही वही, कमरेलाच खोचलेली. मुकादम कोटय्यागारूंनी मला वरखाली न्याहाळलं आणि म्हणाले, तुम्ही श्रीकाकुळमवाले सगळे असलेच काटकुळे, गोणी तू उचलणार की गोणी तुला? माझा जोडीदार वीरास्वामी खदाखदा हसला. पुढं त्यानंच पोटभर भात नि गोंगुऱ्याची आंबट चटणी वाढली. माणूस चांगला आहे.

६ मार्च
चार नंबरची खोली म्हणजे नवल. अख्खी फरशीच वजनकाटा. दाराच्या आतबाहेर लाल आकड्यांच्या पाट्या, आत किती क्विंटल माल ते दाखवतात. शून्य आलं की खोली रिकामी धरायची. मग दिवा विझतो, दार आपोआप लागतं, दार उघडायचं आतलं बटणही मुकं होतं. वीज वाचते म्हणे. आज खोली रिकामीच होती. वीरास्वामीनं दार लागू नये म्हणून मधे गोणी अडकवली आणि मला आत उभं केलं. पाटीवर शून्य! इकडून तिकडं फिरलो, तरी शून्य. सगळे पोट धरून हसले, म्हणाले, धाकट्या, तू अजून जन्मायचाच आहेस.
चपला दाराबाहेर काढून आत जायचं, असा नियम. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून बाहेरच्या फळीवर पडून असलेला एक जुना जोड घातला. गेल्या सालच्या अप्पलनायडूचा. तो आमच्याच भागातला, पळून गेला म्हणे. मापाला अगदी बरोबर.

९ मार्च
कॉम्प्युटरवाला साईतेज पाटी तपासायला आला. त्याला विचारलं, मी शून्य कसा? त्यानं खडूनं फरशीवर ०.५८ लिहिलं. म्हणाला, तू अठ्ठावन्न किलोचा, म्हणजे शून्य टिंब अठ्ठावन्न क्विंटल, आणि माझा प्रोग्राम टिंबाच्या पुढचं सगळं छाटतो. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा पूर्ण आकडा धर, असं सांगितलं असतं तर तू एक झाला असतास. मी म्हटलं, मग सांग ना बाबा! तो म्हणाला, एका ओळीचं काम आहे, पण इथं रीत अशी, की शेतकऱ्याचे वरचे किलो सोडूनच द्यायचे. तीच ओळ त्यानं दारालाही जोडली, वेगळी लिहायला वेळ कुणाला? कोटय्यागारू ऐकत होते. म्हणाले, तुझ्या एकट्यासाठी मी गाडीगाडीमागं माल जास्त धरू? भात जास्त खा.

१३ मार्च
वीरास्वामी ताडी प्यायला होता, बोलून गेला. अप्पलनायडू पळाला नाही. रिकाम्या खोलीत एकटाच झाडत होता. पाटीवर शून्य. नवा माल आला, दार उघडलं, तेव्हा सापडला. दाराला चिकटून बसलेला. तेव्हापासून आत जोडीनंच जायचं.
चपला काढून फेकल्या. उन्हात पाय पोळले. परत घातल्या.

१६ मार्च
झाडताना वीरास्वामी पाणी प्यायला बाहेर गेला. दारात गोणी होती. आत मी एकटा.
पाटीवर एक.
तो म्हणाला, यंत्र आहे, अडकतं कधी. पण मी बघत होतो ना. तो परत येईपर्यंत एकच होतं.
कोटय्यागारूंना सांगितलं, मी घरी जातो. ते म्हणाले, उगादीच्या सणापर्यंत थांब, मग कुठं जायचं तिथं जा.

उगादी
सकाळी चार नंबर झाडायला दोघं गेलो. कामानंतर सगळ्यांची सुट्टी, माझी तर कायमचीच. वीरास्वामी म्हणाला, आलोच, सणाची कडुनिंब-गुळाची पच्चडी वाटतायत, तुझीही आणतो. जाताना सवयीनं दारातली गोणी उचलली त्यानं—
शून्य. अंधार. दार.
बटण दाबतोय. मुकं. फोन बाहेर चार्जिंगला.

वीरास्वामी येईल. पाटी बघेल, शून्य. वाटेल, मी गेलो. घरी जायचंच म्हणत होतो ना. चपला बघेल तर— फळीवर अप्पलनायडूच्या चपला. त्या तर नेहमीच असतात.

ओरडलो. भिंती हातभर जाड.

पाटीच्या लाल उजेडात लिहितोय. बोटं वळत नाहीत. दाराशी बसायचं नाही. तो तिथंच— मी कोपऱ्यात.

एक.
पाटीवर एक. दिवा लागला. मी अठ्ठावन्नच. मग उरलेला—
दाराशी कुणी बसलेलं उठतंय. पाठमोरं. माझ्याच मापाचं.
अप्पलनायडू, अरे दादा, थांब. माझे पाय उठत नाहीत. बटण दाबलं त्यानं. दार उघडतंय. ऊन. मिरचीचा वास. दार धरून ठेव, मी सरपटत—
बाहेर चपला घातल्याचा आवाज.
शून्य.
दार लाग—