अडीनडीचे मंत्र

३ मार्च, रविवार

पुन्हा तेच! दादाच्या चोराने माणिक ढापलं आणि वर तोंड करून म्हणतो, "पेटी रिकामीच होती." मग पेटी उघडल्यावर वहिनीला बाजूला नेऊन तिच्या कानात काय सांगत होता? हवामान?

आमचा रविवारचा खेळ वहिनी चालवते. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे तिच्या राज्याचे नकाशे बघत राहावेत असे असतात. गोष्ट ती सांगते, राक्षस, राजे, सराईवाले सगळे तीच होते. आम्ही तिघं त्या गोष्टीतली माणसं. दादा चोर (एरवी विमा विकतो, फार काही शिकावं लागलं नाही). मी जादूगार. आई योद्धा. जन्मभर नर्स होती, सुई पाठीमागे लपवून "काही दुखणार नाही हं" म्हणायची. आता तिच्या योद्ध्याला एकच वाक्य येतं — "मी मारते." आज उघड्या दारावरही कुऱ्हाड घातली.

बाकी — मालकांनी परत विचारलं. दुसऱ्या शहरात चष्म्यांचं नवं दुकान निघतंय, ते मी सांभाळायचं का? वीस तारखेपर्यंत हो किंवा नाही. जायचंय मला. पण घरी अजून बोलले नाही. मी गेले की आई इथे एकटी. दादाकडे ती राहायला जात नाही. "त्यांच्या गाद्या फार मऊ." विषय संपला!

४ मार्च

दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत होते, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी?" मला कुणी विचारलं असतं तर दोन्ही वेळा धूसरच म्हटलं असतं.

७ मार्च, गुरुवार

रविवारचे मंत्र निवडायला बसले. जादूगाराच्या पोथीत ढीगभर मंत्र असले तरी एका मोहिमेला चारच पाठ करून नेता येतात. शहाणी माणसं आगीचा गोळा, वीज, ढाल असलं काही नेतात. मी नेते अडीनडीचे! जे शंभरदा नेले तर एकदा उपयोगी पडतात. मागे 'माशासारखा श्वास' पाठ करून गेले आणि मोहीम निघाली वाळवंटात. दादा अजून मला मासोळी म्हणतो.

पण तो पूल तुटला तेव्हा? सगळे दरीत कोसळत होते, नि मी शांतपणे म्हटलं, "थांबा, माझ्याकडे एक मंत्र आहे." पिसासारखे तरंगत उतरलो खाली! आईचा योद्धा तरंगता तरंगताही "मी मारते" म्हणत होता. कुणाला, ते त्यालाच ठाऊक. तेव्हाचा दादाचा चेहरा आठवला की मी अजून एकटीच हसते.

तर यादी — 'पिसासारखं पडणं', 'झाडांशी बोलणं', लाजेकाजेस्तव एक छोटी ठिणगी, आणि 'दूरचा निरोप'. आई मागून डोकावली. "दूरचा निरोप? एका टेबलाशी बसतो आपण चौघं, निरोप कुणाला धाडतेस? आगीचा गोळा घे मुकाट्याने."

गोळा नाही घेतला. पण निरोप खोडला आणि त्या जागी लिहिलं — खऱ्याचं रिंगण! जमिनीवर गोल उमटतो, त्यात उभं असलेल्याला खोटं बोलता येत नाही. दादा, भरले तुझे शंभर!

१० मार्च, रविवार

फजिती. गुहेत भूत आलं. आगीचा गोळा हवा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "झाडांशी बोलते." वहिनी म्हणाली, "गुहेत झाड नाही." शेवटी आईने मारलं. रिंगणाची वेळच आली नाही, चोर पुढे पळाला होता.

नंतर आईला दुकानाचं सांगणारच होते. तिने विचारलं, "चहा टाकू?" मी म्हटलं, "हो." एवढंच हो जमलं.

१७ मार्च, रविवार

टाकलं रिंगण! एका सराईच्या अंगणात सगळे शेकोटीभोवती बसलेले, पळायला वाव नाही.

वहिनीने पुठ्ठ्याच्या आडोशामागे प्रत्येकासाठी वीस बाजूंचा फासा टाकला. मोठा आकडा आला तर त्या माणसाला मंत्र लागत नाही, तो खुशाल थापा मारू शकतो. आकडा तिच्याशिवाय कुणाला दिसत नाही. मग तिने एकेकाच्या कानात निकाल सांगितला. दादाचं तोंड कडू झालं. आई म्हणाली, "लागला गं बाई मला!" आणि वहिनी माझ्याकडे वळली. "तूही आतच उभी आहेस ना?" मंत्र माझा, रिंगण माझं आणि मधोमध मी! हे ध्यानातच आलं नव्हतं. मला लागला.

दादाच्या चोराने सगळं ओकलं. माणिक बुटात. शिवाय माझी जादूची छडी परस्पर विकलेली! मी टेबलावर हात आपटून हसत होते, तेवढ्यात आईचा योद्धा प्रथमच वेगळं काही बोलला.

"जादूगार, तुझं काय चाललंय? हल्ली तुझं जेवणात लक्ष नसतं."

खेळत नाही जा, असं म्हणता आलं असतं. पण नियमांवरून दादाशी सगळ्यात जास्त भांडते ती मीच. म्हटलं, "मला दुसऱ्या शहरातल्या मनोऱ्यात बोलावलंय. जावंसं वाटतंय. फार वाटतंय. पण योद्धा एकटा पडेल म्हणून बोलले नाही."

मनोरा म्हणजे काय ते दादालासुद्धा कळलं. कुणी हसेना.

आईने कुऱ्हाड खाली ठेवल्यासारखा हात केला. "योद्ध्याला एकट्याने काही वाटत नाही. उलट बरं, घोरणं ऐकायला नको कुणाचं. रविवारी आलीस तर ये, नाही आलीस तर राहिलं. जा तू."

रिंगणात उभी राहून म्हणाली! तिथे खोटं बोलताच येत नाही. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. दादा म्हणाला, "माणिक परत देतो, पण रडू नकोस."

१८ मार्च

मालकांना हो म्हणून टाकलं. घरी आले तर आईने माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसूनही ठेवलेली.

१८ एप्रिल, गुरुवार

नवी खोली. दुकान छान चाललंय. वहिनीचा फोन आला — आता मी फोनवरून खेळायचं असं ठरलंय. मी म्हटलं, पहिला मंत्र लिहून घे, 'दूरचा निरोप'. ती जरा घुटमळली. "एक सांगू? त्या दिवशी आईंचा फासा वीस पडला होता. मंत्र त्यांना लागलाच नव्हता. कानात तसं सांगितलंही मी."

आईला फोन लावला. "मी अगदी मजेत आहे," म्हणाली.

विचारलं, "फासा किती पडला?"

आधी खळखळून हसली. मग हसू थांबलं.

"रविवारी येशील?"